कोण बसणार आन् कुठं जाणार?

या माइकसमोर मी आजवर बऱ्याचदा आलो, पण दर वेळी कविता वाचायला. आज हातात कविता नाही. आज मी सायकलच्या चाकाविषयी बोलणार आहे. ऐकणाऱ्यांना वाटेल, कवीचा आणि चाकाचा काय संबंध? संबंध आहे. आमच्या अब्बांचं साताऱ्यात सायकलचं दुकान होतं. दहा बाय आठची खोली, बाहेर भाड्याच्या सहा सायकली, आत पाने, छर्रे, वंगणाचा डबा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रिमा. बी. ए. होईपर्यंत माझी दुपार त्या दुकानात गेली. पंक्चर काढायला मी शिकलो, चाकाचा आउट काढायला मात्र अब्बांनी मला बऱ्याच उशिरा हात लावू दिला. ते म्हणायचे, पंक्चर चुकलं तर माणूस चालत घरी जातो, चाक चुकलं तर दवाखान्यात जातो.

नवं चाक बांधून घ्यायला कुणी आलं, की अब्बा पैशांचं बोलायच्या आधी एकच प्रश्न विचारत, ‘‘कोण बसणार आन् कुठं जाणार?’’ दूधवाला असेल तर दोन कॅन किती लिटरचे, हे विचारत. मास्तर असतील तर मागं मास्तरीणबाई बसतात का, हेसुद्धा विचारत. मास्तर लाजत, पण सांगत. त्या काळच्या काळ्या उंच सायकलला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असत. असं का, तर माणसाचं वजन मागच्या चाकावर जास्त येतं. दूधवाल्यासाठी अब्बा याहून जाड तारा घालत.

अब्बा गेले, दुकान गेलं. मी नोकरीला लागलो, कविता लिहू लागलो आणि तो प्रश्न विसरलो. तो विसरल्याची किंमत माझ्या भाच्यानं चुकवली. म्हणून हे भाषण.

भाचा तिशीतला, संगणकावर बसून काम करणारा. वजन वाढलं, डॉक्टरांनी कान उपटले, तेव्हा त्यानं माउंटन बाइक घेतली. जाड टायरची, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली, डोंगरात चालवायची सायकल. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जायचं म्हणजे साधारण पंचवीस किलोमीटर. सुरुवातीला तो घाटाच्या पहिल्या वळणावर बसून राही. सहा महिन्यांत थेट कासच्या तलावाला हात लावून येऊ लागला. आपाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आणि ठरवलं, पोराला काहीतरी भेट द्यायची.

त्याला हवी होती हलकी चाकं. सगळे सायकलवाले म्हणतात, चाकातला एक ग्रॅम म्हणजे अंगावरचे दोन ग्रॅम. आम्ही दोघं पुण्याला एका दुकानात गेलो. दुकानदारानं रीतसर विचारलं, ‘‘वजन किती आपलं?’’ भाचा म्हणाला, ‘‘पंच्याऐंशी.’’ दुकानात दोन-तीन सडपातळ तरुण उभे होते. मला माहीत होतं, पोरगा शंभरीच्या पुढं आहे. मी काही बोललो नाही. चारचौघांत त्याला कशाला खाली पाहायला लावायचं, असं वाटलं. दुकानदारानं पंच्याऐंशी किलोच्या माणसाला शोभतील अशी चाकं दिली. २४-२४ तारांची, अरुंद रिमची, देखणी. जुन्या जोडीपेक्षा ६०० ग्रॅमनं हलकी.

तीन महिन्यांनी कासच्या तलावापलीकडं एका वाडीकडं उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर मागचं चाक बसलं. जांभ्याचे दगड वर आलेली उताराची वाट. आधी ‘टण्ण’ असा आवाज झाला, मग दुसरा, आणि रिमचा पार आठ झाला. चाक फ्रेममध्ये अडकलं, भाचा डोक्यावरून पुढं फेकला गेला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात.

ते चाक मी घरी आणलं आणि अंगणात बसून तपासलं. तीन तारा तुटल्या होत्या, तिन्ही हबजवळ, जिथं तार वाकवून भोकात अडकवलेली असते तिथंच. दोन तारांचं तुटलेलं टोक अर्धं मळकट होतं आणि अर्धं चकचकीत. म्हणजे अर्धी तार आधीच तडकली होती, त्या तडेत धूळ बसली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी गेली. मला आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी भाचा म्हणाला होता, ‘‘मामू, मागचं चाक टिकटिक करतंय.’’ मी म्हणालो होतो, नवी वस्तू आहे, बोलणारच.

सायकलच्या चाकात नेमकं काय चालतं, ते आता सांगतो.

बैलगाडीचं चाक पाहा. त्याचे लाकडी आरे खांबासारखे असतात. गाडीचं ओझं खालच्या आऱ्यावर उभं राहतं. सायकलच्या चाकात तसं नसतं. दोन मिलिमीटरची तार खांब होऊच शकत नाही, उभी धरून वरून दाबली तर वाकते. पण ती ओढून धरली तर मोठा ताण सोसते. चाक बांधताना सगळ्या तारा रिम आणि हब यांच्यामध्ये अशाच ओढून ताणलेल्या असतात. माउंटन बाइकच्या मागच्या चाकात चेनच्या बाजूच्या एकेका तारेला शंभर ते एकशेवीस किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. तुम्ही सायकलवर बसलात, की जमिनीला टेकलेल्या भागातल्या तारांचा ताण थोडा कमी होतो. बस्स, तेवढंच. तेवढ्या कमी झालेल्या ताणावर तुम्ही बसलेले असता.

सुतळीनं विणलेली बाज आठवा. सुतळी घट्ट असेल तर ती बाज चार माणसं पेलते. एक पदर सैल झाला, की शेजारच्या पदरांवर ताण येतो, मग तेही सैल होतात. चाकाचंही तसंच आहे. खालच्या तारेचा ताण कमी झाला तरी चालतो, पण तो पूर्ण संपता कामा नये. संपला तर तार क्षणभर लोळते, पुढच्याच क्षणी पुन्हा खेचली जाते. एखादी तार हातात धरून पुढं-मागं वाकवत राहा, शेवटी ती तुटतेच. चाकातली तारही याच रीतीनं तुटते. एका मोठ्या धक्क्यापेक्षा हजारो लहान हिसक्यांनी.

हजारो म्हणजे किती? मोठं, म्हणजे २९ इंची म्हणतात ते चाक एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जातं. सातारा ते कास या पंचवीस किलोमीटरमध्ये ते जवळपास ११ हजार वेळा फिरतं. प्रत्येक तार ११ हजार वेळा सैलावते आणि ताणते. परत येताना आणखी तितक्याच वेळा. वजन जितकं जास्त आणि तारा जितक्या कमी, तितका प्रत्येक तारेच्या वाट्याला येणारा हिसका मोठा. २४ तारांमध्ये एक गेली, तर तिचं ओझं वाटून घ्यायला शेजारणी लांब असतात. ३२ तारांत त्या जवळ असतात, एक तुटली तरी माणूस हळूहळू घरी पोचतो.

मागच्या चाकाची आणखी एक अडचण आहे. उजव्या बाजूला गिअरची चक्रं बसवायची म्हणून त्या बाजूची हबची कड आत सरकलेली असते. रिम मधोमध राहावी म्हणून उजव्या तारा जास्त घट्ट आणि डाव्या थोड्या सैल ठेवाव्या लागतात. म्हणून मागचं चाक मुळातच पुढच्यापेक्षा दुबळं, आणि वजन मात्र त्याच्यावरच जास्त. मागं ४० तारा घालणारे जुने लोक उगाच घालत नव्हते.

मग माउंटन बाइकसाठी चाक निवडायचं कसं?

पहिली गोष्ट वजन. तेही खरं आणि सगळं. बहुतेक चांगल्या चाकांच्या माहितीपत्रकात वजनाची कमाल मर्यादा छापलेली असते. ती अनेकदा फक्त माणसाची नसते. माणूस, सायकल, बूट, हेल्मेट, पाठीवरची पिशवी, पाण्याच्या बाटल्या या सगळ्यांची मिळून असते. भाच्याच्या चाकांवर ती ११० किलो होती. हाड जुळल्यावर आपानं आम्हाला मार्केटमधल्या ओळखीच्या भुसार व्यापाऱ्याकडं नेलं. ज्वारीची पोती मोजायच्या काट्यावर भाचा सायकल, पिशवी, बाटल्यांसकट उभा राहिला. काटा १२३ वर थांबला. एकटा भाचा १०४. म्हणजे दुकानात आम्ही एकोणीस किलो लपवले होते आणि सायकल-पिशवीचे आणखी एकोणीस आमच्या हिशेबातच नव्हते.

दुसरी गोष्ट वाट. अमेरिकेतली एएसटीएम ही मानकं ठरवणारी संस्था आहे. तिची १ ते ५ अशी वर्गवारी अनेक चाक कंपन्या वापरतात. १ म्हणजे डांबरी रस्ता. २ म्हणजे त्यात खडीची, मातीची वाट आली, साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतचे छोटे धक्के आले. ३ म्हणजे खडबडीत डोंगरवाटा, सुमारे ६० सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या. ४ मध्ये दुप्पट उंचीच्या उड्या आणि ५ म्हणजे कडेलोट वाटावा अशा उतारांवरच्या शर्यती. आपल्या सह्याद्रीतल्या गाडीवाटा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात बसतात. पावसाळ्यानंतर घाटातले खड्डे पाहिले, तर डांबरी रस्त्यालाही मी दुसरा वर्ग देईन. वजन मर्यादेच्या जवळ असेल, तर एक वर्ग वरचं चाक घ्यावं.

तिसरी गोष्ट तारा. माझा अंदाज असा. सत्तर किलोच्या आतल्या माणसाला २८ तारा पुरतात. सत्तर ते नव्वदमध्ये वाट साधी असेल तर २८, दगडधोंड्यांची असेल तर ३२. नव्वदीच्या पुढं निदान मागं तरी ३२ हव्यातच, आणि शंभरीच्या पुढं दोन्हीकडं. सामान लादून लांबचा प्रवास करायचा असेल, तर मागं ३६ मिळाल्या तर उत्तम. आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या सारख्या ताणलेल्या असणं. अब्बा आउट काढून झाला, की नखानं एकेक तार छेडत जात आणि कान लावत. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एक लागला पाहिजे. बेसूर तार सापडली, की निप्पलला अर्धा आटा देत. आज ताण मोजायचं यंत्र मिळतं, पण कानाची परीक्षा अजूनही खोटी ठरलेली नाही.

चौथी गोष्ट रिम. ती दुहेरी भिंतीची हवी, एकेरी पत्र्याची डोंगरात टिकत नाही. आतली रुंदी २५ ते ३० मिलिमीटर असेल, तर सव्वादोन ते अडीच इंची टायर तिच्यावर नीट बसतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला आणि हवा कमी ठेवली, तर वळणावर टायर डोलतो. कार्बनच्या रिमा हलक्या आणि ताठ असतात, पण महाग. अॅल्युमिनियमची रिम दगडावर आपटली तर बहुधा आधी वाकते, पोचा पडतो, आपल्याला कळतं. आपल्यासारख्यांना ती बरी.

पाचवी गोष्ट चाकाचा आकार. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावर काही तरुणांनी उताराच्या शर्यती सुरू केल्या, तिथून माउंटन बाइक रूपाला आली. त्यांनी वापरल्या त्या जुन्या, फुगीर टायरच्या, २६ इंची चाकांच्या भक्कम सायकली. म्हणून कित्येक वर्षं २६ इंच हेच माप राहिलं. आता नव्या सायकलींत मुख्यतः साडेसत्तावीस आणि २९ इंच आहेत. मोठं चाक दगडावरून, खड्ड्यावरून सहज जातं, उंच माणसाला बरं. पण त्याच्या तारा लांब, म्हणून तितक्याच तारांचं छोटं चाक बाजूच्या दाबाला जास्त ताठ असतं. जड माणसानं २९ घ्यावं जरूर, फक्त तारांत काटकसर करू नये. बुटक्या माणसाला साडेसत्तावीस हाताळायला सोपं.

सहावी गोष्ट हवा. हिला पैसे पडत नाहीत, म्हणून तिच्याकडं कुणी पाहत नाही. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा म्हणजे सल्ला नव्हे, ती मर्यादा आहे. माझी भाची, म्हणजे याची धाकटी बहीण, ४८ किलोची. तीही डोंगरात सायकल चालवते. ती भावाच्याच पंपानं, भावाइतकीच, म्हणजे ४० पीएसआय हवा भरत होती आणि तक्रार करत होती, की सायकल दगडांवर उडते, वळणावर घसरते. तिच्या पुढच्या टायरात २० आणि मागच्यात २३ ठेवली. टायर दगडाला धरून चालू लागला. भाच्याला तीच हवा ठेवली असती, तर पहिल्याच दगडावर ट्यूब रिमखाली चिरडली असती. त्याला ट्यूब घालून पुढं ३० आणि मागं ३५ च्या आसपास ठेवतो, आणि टायर रुंद, २.४ इंची. रुंद टायर हाच जड माणसाचा स्वस्तातला स्प्रिंग आहे. एकाच घरातली दोन भावंडं, वाट एकच, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

आता त्या ६०० ग्रॅमचा हिशेब. पाण्याची पाऊण लिटरची बाटली याहून जड असते. रिमजवळचं वजन वेग घेताना दुप्पट जाणवतं, हे खरं. पण घाट चढताना वेग जवळपास एकच असतो, तिथं ग्रॅम हा ग्रॅमच. १२३ किलोमधले ६०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. तासाभराच्या चढावर फार तर वीस सेकंद वाचतात. शर्यतीत पन्नास किलोच्या खेळाडूला ते वीस सेकंद मोलाचे असतील. आमच्या पोराला नव्हते. त्या वीस सेकंदांसाठी त्यानं सहा आठवडे दिले.

हलकं ते चांगलं, असं आपण धरून चालतो. कवितेत मीही हेच शिकवत आलो. पण चाक हलकं आहे की जड, हे चाकाकडं पाहून ठरत नाही. त्यावर कोण बसणार, ते पाहून ठरतं. आणि ते ठरवायचं, तर बसणाऱ्याला आपलं वजन मोठ्यानं सांगता आलं पाहिजे. आपण जड माणसाला इतकं चिडवतो, की तो दुकानदारापाशीही खरं बोलत नाही. चूक पोराची होती, पण ती त्याच्याकडून आपण करवून घेतली. मी तर शेजारी उभा होतो.

यंदा आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं विचारायच्या आधीच भाचा म्हणाला, ‘‘एकशे चार. सायकल-सामान धरून एकशेतेवीस. वाट कच्ची, दगडांची.’’ दुकानदारानं मान हलवली आणि ३२ तारांची, आतून ३० मिलिमीटर रुंद, १४० किलोची मर्यादा असलेली चाकं काढली. जुन्या फॅशनेबल जोडीपेक्षा चारशे ग्रॅमनं जड आणि किमतीनं बरीच कमी. म्हणाले, ‘‘शंभरेक किलोमीटर चालवून परत आणा, तारा बसल्या की एकदा ताण बघून देतो.’’ नवं चाक घेणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. नव्या तारा सुरुवातीला जागा धरतात, थोड्या सैलावतात, एकदा तपासून घ्यावं लागतं. आणि चाक टिकटिक करायला लागलं तर ‘नवं आहे, बोलणारच’ असं म्हणू नये. थांबावं, एकेक तार हातानं चाचपावी.

परवा रविवारी दोघं भावंडं कासला गेली होती. निघताना मी भाच्याची सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं आणि नखानं तारा छेडत गेलो. आधी उजव्या, मग डाव्या. कान लावून ऐकलं. सूर लागलेला होता. मग जाऊ दिलं.